पेडलवरचा अनवाणी पाय

एका मंगळवारी मेस्त्रींचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. ऑपरेशनला दोन तास लागले. त्या वेळी मी शाळेत नववीच्या वर्गावर होते. त्याआधी दीड वर्ष त्या पायाचं काम माझा पाय करत होता, आणि हे आम्हा दोघांखेरीज कुणालाही माहीत नव्हतं.

मेस्त्रींचं काळाचौकीला गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. आत एक गाडी मावायची, दुसरी अर्धी रस्त्यावर राहायची. गाळ्यावर पाटी होती, पण तिच्यावरचं नाव कुणी वाचत नसे. लालबागपासून नायगावपर्यंत सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणत, आणि क्लचचं दुखणं असलं की गाडी त्यांच्याकडे नेत. इंजिनाचं कामही ते करत, पण मनापासून नाही. "इंजिन ओरडून सांगतं, त्यात ओळखायचं काय? क्लच बोलत नाही. त्याला पायानंच विचारावं लागतं," असं त्यांचं म्हणणं.

गाडी आली की ते आधी डाव्या पायातली चप्पल काढत. बादलीतलं मगभर पाणी पायावर ओतत, खांद्यावरच्या फडक्यानं पाय स्वच्छ पुसत आणि मग सीटवर बसत. उजवी चप्पल पायातच असे. पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटायची. लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याचं दुकान असलेले एक काका आपली व्हॅन घेऊन यायचे, ते दर वेळी चिडवायचे, "मेस्त्री, गाडीत बसताय की गाभाऱ्यात?" मेस्त्री पाय पुसता पुसता म्हणायचे, "काका, तुमच्या गाडीत हा मिरचीचा खकाणा. खरं तर उतरल्यावर धुवायला पाहिजे. पण पेडलचा काय दोष?"

चप्पल घालून पेडल दाबणं त्यांना मान्यच नव्हतं. चप्पल मध्ये आली की पेडल खोटं बोलतं, असं ते म्हणत. बॉनेट उघडण्याआधी पेडल तीन वेळा दाबायचं, हा त्यांचा नेम. पहिल्यांदा सावकाश, अगदी खालपर्यंत. दुसऱ्यांदा दाबून तसंच धरायचं आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. तिसऱ्यांदा भराभर, पाच-सहा वेळा. मग गाडी चालू करून रिव्हर्स टाकायचा आणि गिअर करकरतो का ते ऐकायचं. हे सगळं होईपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले असत आणि गाडीच्या मालकानं मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे. डोळे कशाला मिटता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "डोळे उघडे असले की पायाचं कुणी ऐकत नाही, बाई."

वडील गेल्यावर त्यांची गाडी माझ्याकडे आली, आणि गाडीबरोबर मेस्त्रीही आले. वडील दर वर्षी गाडी त्यांच्याकडेच नेत. मला गाडीतलं काही कळत नव्हतं. पहिल्याच भेटीत मी म्हणाले, क्लच बिघडलाय. मेस्त्री गाळ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. म्हणाले, "क्लच बिघडलाय हे माझं वाक्य. तुमचं वाक्य सांगा. पायाला काय लागतं?" मी म्हणाले, कसंतरीच लागतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही शाळेत काय शिकवता?" मराठी, असं सांगितल्यावर ते हसले नाहीत. "मराठीच्या बाई आणि कसंतरी?" एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला उठले.

मग त्यांनी मला ती यंत्रणा समजावून सांगितली. पायाखाली एक पिचकारी, तिकडे गिअरबॉक्सपाशी दुसरी पिचकारी. दोन्हींच्या मध्ये नळी आणि नळीत ब्रेक ऑइल. आपण इकडची दाबली की तेल तिकडचीला ढकलतं आणि क्लच सुटतो. त्यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणतात हे मला नंतर कळलं. मेस्त्री 'वरची' आणि 'खालची' म्हणत. "नळीत हवा शिरली तर तुमचा जोर त्या हवेलाच दाबत बसतो. तेल गळालं तर जोर रस्त्यावर सांडतो. आणि वरच्या पिचकारीतलं रबर आतल्या आत झिजलं, तर बाहेर थेंबसुद्धा दिसत नाही. पेडल मात्र पायाखालून हळूच निघून जातं. ते सगळ्यात लबाड." इतकं नीटस सांगणारं पाठ्यपुस्तक माझ्या हाती क्वचितच आलं असेल.

त्यांची पहिली चूक मसालेवाल्या काकांच्या गाडीवर झाली. काकांची तक्रार अशी, की सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहिलं तर व्हॅन आपली आपण पुढे सरकू लागते. मेस्त्रींनी पाय धुतला, तीन वेळा पेडल दाबलं आणि सांगितलं, वरची ठीक आहे, खालची ठीक आहे, प्लेटच गेली असणार. गिअरबॉक्स उतरवावा लागला. दोन दिवस व्हॅन तशीच पोट उघडं टाकून पडली होती. नवी प्लेट बसली. तिसऱ्या दिवशी काका भोईवाड्याच्या सिग्नलला उभे असताना व्हॅन पुन्हा सरकली आणि पुढच्या टॅक्सीला टेकली. वरच्या पिचकारीतलं रबर झिजलेलं होतं, एवढंच. काका चिडले नाहीत. म्हणाले, "मेस्त्री, माझ्या गाडीचं डोकं दुखत होतं आणि तुम्ही तिचं बाळंतपण केलंत." गाळ्यात सगळे हसले. मेस्त्रीही हसले, पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या गाडीला हात लावला नाही.

पुढच्याच आठवड्यात मी माझी गाडी घेऊन गेले. तोवर मी नेमकं बोलायला थोडं शिकले होते. म्हणाले, "धरून ठेवलं की पेडल खाली जातं. अगदी हळू. पाण्यात टाकलेली वही बुडते तसं." मेस्त्री आत बसले. पेडल दाबून, डोळे मिटून वीसपर्यंत मोजलं. म्हणाले, "नाही जात." मी म्हणाले, जातं. ते पुन्हा म्हणाले, नाही. मी त्यांच्याशी वाद घालण्याची ती पहिलीच वेळ. शेवटी ते उतरले, मला बसवलं, स्वतः दाराशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "दाबा आणि धरा." मी दाबलं. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. पेडल बोटभर खाली गेलेलं त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. मग आपल्याच डाव्या तळव्यावर अंगठ्याचं नख रोवून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मला कळलं नाही."

त्यांना शुगर होती. गोळ्या आठवण झाली की घेत. पायाला मुंग्या येतात हे काही महिने जाणवत होतं, आणि मग मुंग्या यायच्या थांबल्या म्हणून त्यांना बरंच वाटलं होतं. पाय बरा होतोय, असा त्यांचा समज झाला होता.

त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, रविवारी सकाळी वेळ असतो का. दुसरी, गोष्ट पोटात राहील का. "गाडीवाल्यांना कळलं की मेस्त्रीचा पाय गेला, तर इथे कोण येणार? हात काय, सगळ्यांनाच असतात. आणि घरी अजिबात नको. ती घाबरून जेवायची नाही." मी दोन्हींना हो म्हणाले.

तेव्हापासून अवघड गाड्या रविवारी यायला लागल्या. मी चप्पल काढून सीटवर बसायची आणि मेस्त्री दाराशी उकिडवे. लोकांना सांगितलेलं होतं की बाईंना शिकायची हौस आहे. काका म्हणाले, "मेस्त्री, गाळा बाईंच्या नावावर करताय की काय?" मेस्त्री म्हणाले, "तुमच्या व्हॅनपुरता करीन." त्यांच्या पायाची जागा माझ्या पायानं घेतली खरी, पण माझा पाय मुका होता. त्याला बोलतं करायचं काम आम्हा दोघांचं.

"मऊ लागतंय," मी म्हणायची.

"मऊ म्हणजे? भात मऊ असतो, गादी मऊ असते, चिखल मऊ असतो."

"गादी. दाबलं की पाय परत वर ढकलते."

"मग हवा आहे नळीत. भराभर दाबा. आता?"

"आता गादी कमी झाली. खाली फळी लागते."

"हवाच. चला, काढू या."

आणि चिखल असला, म्हणजे पाय रुतून तिथेच राहिला, तर ते तेल कुठे गळतंय ते शोधायला खाली शिरत. असे कितीतरी शब्द आम्ही ठरवले. पेडलचा वरचा भाग मोकळाच जात असेल तर मी म्हणायची, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं. एकदा पेडल चांगलं कडक होतं, तरी गाडी तापली की गिअर पडत नव्हता. मी पाच वेळा दाबून म्हणाले, "शेवटी शेवटी फुगा दाबल्यासारखं होतं." मेस्त्रींचा चेहरा उजळला. नळीचा रबरी तुकडा जुना होऊन फुगत होता. पायाचा जोर गिअरबॉक्सला पोचण्याआधी वाटेतच संपत होता. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्या गाडीचं बरंच काही बदलून झालं होतं. मेस्त्रींनी तो वीतभर तुकडा बदलला आणि गाडीवाला निघून गेल्यावर मला म्हणाले, "फुगा कुठल्या पुस्तकात होता?"

दुपारी बाराच्या सुमाराला वहिनी नायगावहून डबा घेऊन येत. मेस्त्रींच्या पत्नीला मी वहिनी म्हणत असे. दोन डबे असायचे, एक मेस्त्रींचा आणि दुसरा आपणहून माझ्यासाठी. भाकरी, तिसऱ्यांचं सुकं, कधी सोलकढी. "बाई, हात धुवा, काळे झालेत. शाळेतली मुलं ओळखायची नाहीत," म्हणत. मी गाडीखालून निघालेल्या त्यांच्या नवऱ्याबरोबर उंबऱ्यावर बसून ते जेवण जेवत असे आणि काही बोलत नसे.

मी मेस्त्रींना सांगितलं नाही असं नाही. दोनदा सांगितलं. एकदा डॉक्टरची वेळही ठरवली. ते म्हणाले, "पाय झोपलाय, होईल जागा," आणि गेले नाहीत. त्यानंतर मी सांगणं सोडून दिलं. त्याचं कारण इथे खरं लिहायला हवं. मला ते रविवार आवडायला लागले होते. शाळेत इतकी वर्षं मी मुलांना नेमका शब्द वापरा म्हणून सांगत आले, पण माझ्या शब्दावर एखादी वस्तू दुरुस्त झालेली मी तिथे पहिल्यांदा पाहिली. मेस्त्रींचा पाय बरा झाला असता तर माझं तिथे काही काम उरलं नसतं. असा विचार मी कधी केला नाही. पण तो न करताही माणूस तसं वागू शकतो.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी गाडी न्यायला गेले. ब्रेक ऑइल जुनं झालं म्हणून ते बदलायला गाडी आदल्या दिवशी ठेवली होती. मेस्त्री गाडीत आडवे होऊन, स्टिअरिंगखाली डोकं घालून, बॅटरीच्या उजेडात काहीतरी शोधत होते. माझी चाहूल लागली तसे आतूनच म्हणाले, "बाई, वरची गळतेय तुमची. पेडल ओलं झालंय."

पेडल ओलं असणं म्हणजे वरच्या पिचकारीतून तेल गळणं. तेल पेडलच्या दांडीवरून ओघळतं आणि तळाशी जमतं, हे मलाही माहीत झालं होतं. पण ते वर बोट फिरवून म्हणाले, "दांडी तर कोरडी आहे. नळी कोरडी. मग येतंय कुठून?" मी दाराशी वाकले. तेव्हा मला जमिनीवरचे ठसे दिसले. बादलीपासून गाडीच्या दारापर्यंत एकाच पायाचे ठसे होते, डाव्या. ते पाण्याचे नव्हते हे दुपारच्या उजेडात दिसत होतं.

"मेस्त्री, पाय दाखवा," मी म्हणाले.

त्यांच्या तळव्यात, अंगठ्यामागच्या फुगीर भागात, स्प्रिंग वॉशरच्या लोखंडी कड्याचा मोडका अर्धा तुकडा रुतून बसला होता. किती वेळापासून, ते त्यांना सांगता येईना. सकाळपासून ते त्याच पायावर चालत होते आणि त्याच पायानं पेडल दाबत होते. त्यांनी माझ्या पेडलवर बोट टेकवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं. तेल असतं तर बोटं सरकली असती. ही चिकटत होती. मग त्यांनी वर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमची वरची ठीक आहे."

जवळच्या दवाखान्यात पट्टी करून घेतली. या वेळी मी म्हणाले, आता वहिनींना सांगायचं. ते म्हणाले, मी सांगतो, माझ्या पद्धतीनं. मी पुन्हा हो म्हणाले. त्यांनी घरी काय सांगितलं ते पुढे कळलं. खिळा लागला, किरकोळ आहे, असं. मी रविवारी गेले तेव्हा पायाला पट्टी होती, त्याच्या पुढच्या रविवारी मोजा होता. मी विचारलं, ते म्हणाले सुकतंय. तिसऱ्या रविवारी गाळ्यात शिरताना ग्रीसच्या वासाखाली दुसरा एक वास आला. त्याच दुपारी मी आणि वहिनी त्यांना परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टर वयानं लहान होत्या. त्यांनी मेस्त्रींना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक ताठ दोरा पायाच्या वेगवेगळ्या ठिकाणी टेकवून, कळलं की सांगा, म्हणाल्या. मेस्त्रींनी डोळे मिटले. तेच डोळे मिटणं, तीच थोडी वर केलेली हनुवटी. दोरा अंगठ्याला टेकला, टाचेला टेकला. मेस्त्री गप्प. मग डॉक्टरांनी दोरा उचलला आणि काही लिहायला मान वळवली, तेव्हा मेस्त्री म्हणाले, "हां. आता कळलं."

डॉक्टरांनी विचारलं, "पाय बधिर कधीपासून आहे?"

वहिनी म्हणाल्या, "बधिर कुठेय? काल जिने चढून आले ते."

"दीड वर्ष," मी म्हणाले.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय माहीत?"

"तिला काय विचारतेस?" मेस्त्री म्हणाले. मला त्यांनी एकेरीत म्हटलेली ती एकच वेळ. "मीच नको म्हटलेलं."

"तुम्ही म्हणालच. तुमचं मी ओळखून आहे," वहिनी म्हणाल्या. "पण त्या शिकलेल्या ना?"

त्यानंतर वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. ऑपरेशन झाल्यावर मी गेले की त्या बाहेर जाऊन बसत. पुढे मेस्त्री कुबड्या घेऊन गाळ्यात येऊ लागले, तेव्हाही रविवारी डबा यायचा, पण एकच यायचा, आणि तो ठेवून त्या लगेच परत फिरायच्या. मेस्त्री म्हणाले, "रागावू दे. माझ्यावर रागवायचं तर पाय नसलेल्या माणसावर कसं रागवणार ती? तुमच्यावर सोपं पडतं. तेवढं सोसा."

गाळ्यात आता गाड्या फारशा येत नव्हत्या. काका मात्र एका सकाळी व्हॅन घेऊन आले आणि क्लच जड लागतोय म्हणाले. मेस्त्री खुर्चीवरून उतरून रस्त्यावर बसले, दारातून आत वाकून त्यांनी तळहातानं पेडल दाबलं. तीन वेळा, पूर्वीच्याच क्रमानं. मग म्हणाले, "काका, क्लचला काहीही झालेलं नाही. चहा प्यायला आलायत तर सरळ सांगा." काकांनी तोंड फिरवलं आणि चहा मागवला. ते गेल्यावर मेस्त्री हात पुसत म्हणाले, "हाताला कळतं. पण हाताचं तितकं खरं नाही. हात फार शहाणा असतो, आधीच ठरवून बसतो."

त्यांनी मला दोष दिला तो एकदाच, आणि तोही दोष देतोय असं न वाटता. एका रविवारी एकही गाडी नव्हती. आम्ही दोघं नुसते बसलो होतो. मी म्हणाले, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. "तुमचा पाय तयार झालाय, बाई," ते म्हणाले. "पण तुम्ही मेस्त्री नाही होणार. मालक येतो आणि म्हणतो, काही झालेलं नाही हो, नुसतं तेल बघा. मेस्त्रीनं त्याचं ऐकायचं नसतं. पेडल खाली जातंय तर जातंय म्हणायचं. तुमच्या गाडीच्या वेळेला तुम्ही म्हणालात. माझ्या वेळेला मालकाचं ऐकलंत." मग माझ्याकडे बघून जरा हसले. "मालक जरा आडमुठा होता, हे पण खरं."

पाय काढल्यावर आठ महिन्यांनी त्यांच्या किडन्या थांबल्या. तीन दिवस हॉस्पिटलात होते. शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा ते झोपेत होते आणि पांघरुणाखाली उरलेला उजवा पाय सारखा हलत होता. भोईवाड्याच्या स्मशानात नेलं तेव्हा मी मागे उभी राहिले. मसालेवाले काका माझ्याशेजारी होते. गाळा मालकानं परत घेतला आणि तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

दोन महिन्यांनी वहिनी दादरला माझ्या घरी आल्या. आधी फोन केला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाणी नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. तुम्ही मला तेव्हा सांगितलं असतंत तर पाय राहिला असता?"

"कदाचित," मी म्हणाले.

"कदाचित नको. ह्यांना तुम्ही नेमकं सांगायचात ना? हे घरी येऊन मला सांगत, बाई काय शब्द काढतात म्हणून. मला पण नेमकं सांगा."

मी डॉक्टरांना नंतर जाऊन विचारलेलं होतं. त्यामुळे उत्तर मला माहीत होतं. "हो. राहिला असता," मी म्हणाले.

वहिनींनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. खिडकीतून खालच्या रस्त्याचा आवाज येत होता. मी वाट बघत होते की त्या उठून जातील, आणि त्या गेल्या असत्या तर मी त्यांना थांबवलं नसतं. पण त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. रक्ताच्या तपासणीचा कागद होता.

"माका पण निघालीय शुगर," त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या कधी घरची बोली बोलत नसत. "डॉक्टर म्हणतात, रोज तळपाय बघायचे. गुडघ्यानं मला वाकता येत नाही. मुलगी तिकडे नालासोपाऱ्याला. रविवारचं तुम्ही याल?"

मी येईन म्हणाले.

"आणि काय दिसलं तर बोलायचं. मी नको म्हटलं तरी बोलायचं. मुलीला पण सांगायचं, माझ्यासमोर."

आता वर्ष होत आलं. दर रविवारी सकाळी मी नायगावला जाते. वहिनी कॉटवर पाय लांब करून बसतात. मी चष्मा लावून दोन्ही तळपाय बघते, टाचा बघते, नखांच्या कडा बघते, आणि जे दिसतं ते त्यांना सांगते. मग त्यांच्या मुलीला फोन लावते आणि तिलाही तेच सांगते.